वाचकांचे प्रश्न : भूकंपानंतरची सिसिली आणि तेथील मठ

प्रश्न : इटलीतील सिसिली बेटावरच्या नोतो आणि कातानिया या शहरांना अलीकडेच भेट दिली. १६९३च्या भूकंपानंतर ही शहरे नव्याने बांधली गेली, असे वाटाड्याने सांगितले. परंतु मुख्य रस्त्यावर जागोजागी मठ आणि मठांची चर्चेस का दिसतात, आणि उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशाला एवढा खर्च परवडला कसा, याचा उलगडा झाला नाही.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या दोन्ही शंकांचे उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे : व्रतस्थ संघ, म्हणजे व्रत घेऊन मठांत राहणाऱ्या ख्रिस्ती साधू-साध्वींच्या संघटना. ९ जानेवारी १६९३ रोजी आग्नेय सिसिलीत पहिला मोठा धक्का बसला आणि ११ जानेवारीच्या दुसऱ्या, अधिक तीव्र धक्क्याने त्या भागातील बहुतेक गावे जमीनदोस्त झाली. सुमारे साठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. एकट्या कातानियातील निम्म्याहून अधिक वस्ती नाहीशी झाली. घरे, चर्चेस, तटबंदी असे सारे कोसळले. शेतजमिनी मात्र जागच्या जागी राहिल्या. सिसिलीतील बेनेडिक्टाइन, डोमिनिकन, जेझुइट अशा व्रतस्थ संघांकडे गव्हाची शेते, खंडाने दिलेल्या जमिनी आणि पिढ्यान्‌पिढ्या मिळालेल्या देणग्या होत्या. मठाची इमारत पडली, तरी मठाचे उत्पन्न थांबले नाही. शिवाय उमराव घराण्यांतील ज्या मुली मठात जात, त्यांच्याबरोबर रीतसर हुंडाही मठाला मिळत असे. त्यामुळे मोठे बांधकाम हाती घेऊन ते दोन-दोन पिढ्या चालू ठेवण्याची ऐपत सरदार घराण्यांखालोखाल या संघांकडेच होती.

सिसिलीवर त्या वेळी स्पेनच्या राजाची सत्ता होती. व्हाइसरॉयने पुनर्बांधणीसाठी कामास्त्राचे ड्यूक जुझेप्पे लांझा यांना विशेष अधिकार देऊन पाठवले. पुन्हा भूकंप झाला तर लोकांना घराबाहेर सुरक्षितपणे थांबता यावे, म्हणून कातानियात रुंद, सरळ रस्ते आणि मोकळे चौक आखण्यात आले. जुने नोतो तर सोडूनच देण्यात आले आणि काही किलोमीटर अंतरावरील उतारावर नवे शहर वसवायचे ठरले. या स्थलांतराला अनेक रहिवाशांचा विरोध होता आणि तो वाद बरीच वर्षे धुमसत राहिला.

आता व्रतस्थांचा वाटा पाहू. तो केवळ पैशापुरता नव्हता, कारण आखणी करणारी काही माणसेच संघांतली होती. आंजेलो इतालिया हे वास्तुविशारद जेझुइट संघाचे व्रतस्थ सदस्य होते. आवोला या शहराचा षट्कोनी आराखडा त्यांचा आहे आणि नव्या नोतोच्या आखणीशीही त्यांचे नाव जोडले जाते. ग्राम्मिकेले या गावाची षट्कोनी आखणीही मिकेले दा फेर्ला या व्रतस्थाची मानली जाते. तिच्यामागे बुतेराचे राजपुत्र कार्लो कराफा यांचा आश्रय होता. गणित आणि बांधकाम जाणणारी माणसे संघांत तयार होत असत आणि एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवता येत असत. संकटकाळात या गोष्टीचे मोल फार मोठे होते.

जागांचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. नवे शहर आखताना मोठे भूखंड कोणाला द्यायचे, याचा निर्णय नोतोत मुख्यतः कॅथीड्रल, सरदार घराणी आणि मठ यांच्या बाजूने लागला. म्हणूनच आज कोर्सो व्हित्तोरियो इमान्युएले या मुख्य रस्त्यावरून चालताना फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि बेनेडिक्टाइन अशा निरनिराळ्या संघांच्या इमारती आपल्याला दिसल्या. प्रत्येक संघाला आपली दर्शनी बाजू शेजाऱ्यापेक्षा उठून दिसायला हवी होती. रोझारियो गाल्यार्दी यांनी डोमिनिकनांसाठी बांधलेल्या सान दोमेनिको चर्चची दर्शनी भिंत मधोमध पुढे फुगलेली आहे. मधाळ रंगाच्या स्थानिक चुनखडीवर ऊन पडले की त्या वक्र भिंतीवरील खांब क्षणोक्षणी वेगळे भासतात. अशा इमारतींचे श्रेय आपण सहजच गाल्यार्दी यांच्यासारख्या वास्तुविशारदांना देतो आणि ते योग्यही आहे. मात्र कोणत्या कोपऱ्यावर, किती रुंदीची आणि कोणाच्या समोर इमारत उभी राहणार, हे मठाने आधीच ठरवलेले असे. माझ्या मते या शहरांचा चेहरा प्रथम तिथे घडला आणि मग तो कागदावर उतरला.

कातानियात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बेनेडिक्टाइनांचा सान निकोलो लारेना हा मठ. १६६९ मध्ये एटना ज्वालामुखीचा लाव्हा त्याच्या भिंतींपर्यंत येऊन ठेपला होता आणि १६९३ मध्ये मठ भूकंपात कोसळला. त्याच जागी अठराव्या शतकात उभी राहिलेली वास्तू युरोपातील मोठ्या मठांपैकी एक ठरली. जवळच्या चर्चची दर्शनी बाजू आपण पाहिली असेलच : प्रचंड खांब अर्ध्यावरच थांबलेले आहेत. ही भूकंपाची पडझड नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथले काम थांबले, ते कायमचेच.

प्रश्न : नोतोमध्ये एका मठाच्या उंच मनोऱ्यावर पोट फुगलेल्या लोखंडी जाळ्या दिसल्या. त्या शोभेसाठी आहेत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. सान साल्वातोरे या बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या मठाचा तो मनोरा आहे. या भगिनी बंदिस्त जीवनाचे व्रत घेत. मठाबाहेर पडणे त्यांना वर्ज्य होते. परंतु सणावाराच्या मिरवणुका कॅथीड्रलसमोरून जात, तेव्हा भगिनी वरच्या मजल्यावरून त्या पाहू शकत असत आणि रस्त्यावरील माणसाला मात्र त्या दिसत नसत. जाळी बाहेर फुगवल्यामुळे आत उभ्या असलेल्या व्यक्तीला खाली आणि दोन्ही बाजूंना नजर टाकता येते. कातानियातील व्हिया क्रोचिफेरी या छोट्या रस्त्यावरही हाच विचार दिसतो. तिथे सान बेनेदेत्तो, सान जुलियानो, जेझुइटांचे सान फ्रान्चेस्को बोर्जा आणि सान कामिल्लो ही चर्चेस जवळजवळ आहेत. बेनेडिक्टाइन भगिनींच्या दोन इमारती तर रस्त्यावर टाकलेल्या कमानीने जोडल्या आहेत, म्हणजे खालून शहर वाहत राही आणि वरून भगिनी व्रत न मोडता पलीकडे जात. जिला लग्न करायचे की मठात जायचे, हे बहुधा विचारलेही जात नसे, अशा मुलीसाठी ती जाळी काय असेल, याचा विचार करताना मन हेलावते. या वास्तूंचे सौंदर्य सांगताना तेही सांगायला हवे.

प्रश्न : जुन्या गोव्यातील चर्चेसही याच अलंकृत, बरोक शैलीची आहेत. त्यांचाही भूकंपाशी संबंध आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : भूकंपाशी नाही, व्रतस्थ संघांशी मात्र आहे. बॉम जेझसची बॅसिलिका जेझुइटांची, सेंट कॅजेटानचे चर्च इटलीतून आलेल्या थिएटाइनांचे आणि मोंते सांतो टेकडीवरील भव्य भग्नावशेष ऑगस्टिनियनांचे आहेत. दोन्हीकडच्या मठांचा शेवटही राजकीय निर्णयांनी झाला. पोर्तुगीज सरकारने १८३४ मध्ये पुरुषांचे संघ बरखास्त केले आणि पुढील वर्षी गोव्यातील मठ रिकामे झाले. ऑगस्टिनियन चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. इटलीत १८६६च्या कायद्याने मठांची मालमत्ता राज्याकडे गेली. सिसिलीतील इमारतींना मात्र नवे उपयोग मिळाले. सान निकोलो लारेनाच्या मठात आज कातानिया विद्यापीठाचा मानव्यविद्या विभाग चालतो.