शुक्रवारची बॅग

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री दोनदा वाचला. उत्तर मुद्दाम मराठीत लिहितोय. रविवारच्या मराठी शाळेत सहा वर्षं तुझ्याकडून बाराखडी घोटून घेतली, ती फुकट गेली नाही एवढं तरी मला कळू दे. अडलीस तर मोठ्याने वाच, तेव्हाही तुला तसंच जमायचं.

तर तुझी तक्रार अशी: आयर्लंडला, गॉलवेत शिकायला येऊन पाच आठवडे झाले. आयरिश मुली गोड बोलतात, गुरुवारी रात्री पबमध्ये गळ्यात गळे घालतात आणि शुक्रवारी दुपारी धुण्याच्या कपड्यांची बॅग खांद्याला लावून आपापल्या गावी गायब होतात. घरात उरतेस तू आणि फ्रिजची घरघर. तुझ्याबरोबर आलेली अमेरिकन मुलं दर आठवड्याला प्राग काय, बार्सिलोना काय, सुटलीच आहेत. तूही पुढच्या शुक्रवारचं लिस्बनचं तिकीट काढून बसलीस, आणि नेमकी आता रूममेट म्हणते, शनिवारी आमच्याकडे मेयो काउंटीत चल. काय करू, काका?

लिस्बनला जाऊ नकोस.

खरं तर पत्र इथेच संपलं. पण तू आईवर गेली आहेस, कारण सांगितल्याशिवाय ऐकायची नाहीस.

मी गॉलवेला पोचलो 1995 च्या सप्टेंबरमध्ये. तुझ्या विद्यापीठाला तेव्हा यूसीजी (युनिव्हर्सिटी कॉलेज गॉलवे) म्हणायचे, खिशात युरो नाही, पंट म्हणजे आयरिश पाउंड असायचे. सांगली सोडून न्यू जर्सीला येऊन मला पाचच वर्षं झाली होती. तिथे एडिसनमध्ये जो तो विचारायचा, मूळचा कुठला? गॉलवेत कुणी विचारलंच नाही. तोंड उघडलं की मी 'द यँक', म्हणजे अमेरिकन. नागरिकत्वाची शपथ व्हायची होती, पण आयरिश लोकांनी मला आधीच अमेरिकन करून टाकलं. मला ते इतकं आवडलं की मी अमेरिकनासारखाच वागायला लागलो. म्हणजे काय, तर दर शुक्रवारी बॅग भरायला लागलो.

माझा रूममेट शेजारच्या क्लेअर काउंटीचा, दुधाचा धंदा असलेल्या शेतकऱ्याचा मुलगा. मी यायच्या थोडंसं आधी, 3 सप्टेंबरला, क्लेअरने हर्लिंगची, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश खेळाची, ऑल-आयर्लंड फायनल जिंकली होती. 1914 नंतर पहिल्यांदा. मधली 81 वर्षं नुसती वाट बघण्यात गेलेली. या खेळात पगार नसतो हे तुला एव्हाना कळलं असेल. रविवारी सत्तर मिनिटं जीव तोडून खेळणारा माणूस सोमवारी शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे कप हा संघाचा नसतो, गावाचा असतो. तो लिअम मॅकार्थी कप त्या हिवाळ्यात क्लेअरभर शाळाशाळांतून फिरत होता. पालखी मुक्कामाला येते तसा.

नोव्हेंबरमध्ये रूममेट म्हणाला, "शनिवारी कप आमच्या शाळेत येतोय. मी शुक्रवारी मतदानाला घरी चाललोय, तूही चल. आजी जेवायला करेल."

इथे थांब आणि नीट वाच, कारण हे तुला कुठल्याही ओरिएंटेशनमध्ये सांगणार नाहीत. आयरिश माणूस "ये की कधीतरी आमच्याकडे" म्हणाला, तर ते आमंत्रण नव्हे. आपल्याकडे "या एकदा घरी" म्हणतात आणि पत्ता देत नाहीत, तसलाच प्रकार. तो "आय विल, येह" म्हणाला तर तो मुळीच करणार नाही. रस्त्यात "हाउ आर यू" म्हणत तो चालतच राहिला तर तूही चालत राहा, तब्येत सांगत बसू नकोस. पण त्याने वार सांगितला, शनिवार म्हणाला, जेवण कोण करणार तेही सांगितलं, तर घरात अगोदर बोलणं झालेलं असतं. बटाटे जास्तीचे आणलेले असतात. तुझ्या रूममेटने वार सांगितलाय, कळतंय का?

मला कळलं नाही. त्या गुरुवारी, 23 तारखेला, थँक्सगिव्हिंग होतं. आम्ही बारा अमेरिकनांनी एकमेकांच्या गळ्यात पडून टर्की खाल्ली (मी नुसते बटाटे) आणि रात्रीच्या बसने डब्लिन, तिथून विमानाने लंडन, पुढे बस आणि बोट करत पॅरिस गाठलं. फ्रान्समध्ये त्याच शुक्रवारी मोठा संप सुरू झाला. व्हर्सायची गाडी बंद. दोन दिवस नुसती तंगडतोड केली आणि ब्रेड-चीज खाल्लं. तुला वाटेल काका रंगवून सांगतोय, पण 1995 चा तो संप जुन्या वर्तमानपत्रांत आहे, काढून बघ.

आणि इकडे त्या शुक्रवारी आयर्लंड घटस्फोटाला परवानगी द्यायची की नाही यावर मत देत होता. शनिवारी मोजणी. कौल "द्यायची" असा लागला, तोही अख्ख्या देशात फक्त नऊ हजारांच्या आसपास मतांनी. रूममेटने सोमवारी सांगितलं: आजीचं मत विरोधात, आईचं बाजूने, आणि शनिवारी सकाळी दोघी एकाच सिंकवर बटाटे सोलत उभ्या. मध्ये रेडिओ चालू. दोघींनी एक शब्द काढला नाही, सालं मात्र कागदासारखी पातळ. दुपारी कप आला. 1914 साली आजोबा पाच वर्षांचे होते. पोरं कपाला लोंबकळत होती, फोटो काढत होती. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि जरा लांबच उभे राहिले. हात काही लावला नाही.

हे मला सगळं ऐकीव माहीत आहे. तीस वर्षं झाली, अजून ऐकीवच.

आता तुझी आई म्हणेल, याच्या नादी लागू नकोस, स्वतः पॅरिस फिरून आला आणि पोरीला अडवतो. हो, आलो. दोन उन्हाळे न्यू जर्सीच्या पेट्रोल पंपावर दुसऱ्यांच्या गाड्या भरून पैसे साठवले होते. बाबा फोनवर म्हणाले होते, युरोप बघून घे, परत कोण पाठवणार आहे! वीस वर्षांच्या मुलाने आणखी काय करायला हवं होतं? मी काही गुन्हा केला नाही. पण आयफेल टॉवर होता तिथेच आहे. पुढे बायकोला घेऊन जाऊन परत बघितला. लिस्बनही कुठे जात नाही. तो शनिवार मात्र त्या शाळेत एकदाच आला.

फेब्रुवारीत रूममेटचे ते आजोबा वारले. मंगळवार होता, विमानाचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांच्या घरी गेलो. दारात ही रांग. आत जायचं, घरच्या एकेकाचा हात हातात घ्यायचा, "सॉरी फॉर युअर ट्रबल" एवढंच म्हणायचं आणि पुढे सरकायचं. आजीने माझा हात सोडला नाही. म्हणाली, "पॅरिसला गेलेला यँक तो हाच का?" रागाने नाही, खात्री करून घेतल्यासारखं. मग चहा. मी म्हटलं नको. थोडासा? नको, खरंच. घोटभर तरी? मी परत नको म्हणणार, तोवर कप हातात होता. साखर विचारली नाही, दोन चमचे टाकलेली होती. सांगलीत "नको, नको" म्हणत तीन बशा चिवडा संपवणारा मी, पाच वर्षांत नको म्हणजे नकोच समजायला लागलो होतो.

तेव्हा ऐक. शुक्रवारी विमान पकडू नकोस. मेयोचं आमंत्रण नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. गॉलवेतून डब्लिनच्या विमानतळाला बसने अडीच तास, येताना पुन्हा अडीच, आणि शेजारच्या सीटवर कोण? आपल्याच न्यू जर्सीतल्या पॅरामसचा मुलगा. त्याला भेटायला समुद्र ओलांडलास? शनिवारी सेंट निकोलस चर्चपाशी बाजार भरतो, तिथे जा. सॉल्टहिलच्या किनाऱ्याने टोकापर्यंत चालत जा, सगळे लाथ मारतात त्या भिंतीला तूही लाथ मार, का मारतात ते विचारू नकोस. तिथेच ब्लॅकरॉकला म्हाताऱ्या बायका डिसेंबरातसुद्धा पोहतात. ओळीने तीन शनिवार दिसलीस तर चौथ्या शनिवारी त्यांच्यातली कुणीतरी बोलेल. आणि पावसाचं कारण देऊ नकोस, तो काही थांबणार नाही.

बाकीचं पटकन. निबंधाला 62 मिळाले म्हणून रडलीस, ते कशाला? तिथे 70 म्हणजे पहिला वर्ग, 62 चांगले आहेत. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्स म्हण. पबमध्ये कुणी तुझ्यासाठी राउंड घेतली तर पुढची तुझी, सोडा पीत असलीस तरी. आपण अमेरिकन मोठ्याने बोलतो ही तुझी तक्रार खरी आहे, मी अजून बोलतो.

माझा हट्ट वयाबरोबर वाढलाय हे मान्य. तो रूममेट अजून मित्र आहे. त्यांच्याकडे चारदा जाऊन आलो, पण मोहेरचे कडे बघितले नाहीत. बायको म्हणते, अर्ध्या-पाऊण तासावर आहेत हो! असू देत. मी स्वयंपाकघरातून हलत नाही. 2024 ला क्लेअर पुन्हा जिंकलं तेव्हा खास कपासाठी गेलो. कप त्या आठवड्यात दुसऱ्याच गावी होता. हसलीस ना? बायकोही हसली.

शुक्रवारी दुपारी रूममेटबरोबर बसमध्ये बस. धुण्याचे कपडे तूही ने, तिची आई मशीन लावायला मागेल तेव्हा दोनदा नको म्हण आणि दे. बिस्किटांचा एक बरा डबा घे. जेवताना फुटबॉलचा, म्हणजे त्यांच्या गेलिक फुटबॉलचा, विषय निघेलच. मेयो 1951 नंतर ऑल-आयर्लंड जिंकलेलं नाही, फायनलला जाऊन जाऊन हरलंय. "पुढच्या वर्षी नक्की" असं चुकूनही म्हणू नकोस. ते त्यांचं ते म्हणतील.

लिस्बनच्या तिकिटाचे पैसे मी पाठवतो. आईला सांगू नकोस.

तुझा,
शाळेतला काका