पाकीट देशी असलं तरी पाकीटच

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका ताई मँचेस्टरहून लिहितात: दोघंही नोकरीला, मुलं शाळेतून आली की भूक भूक करतात, आणि आठवडा फ्रोझन पराठे नि नूडल्सवर निघतो. ‘निदान पराठे तरी आपले आहेत ना?’

ताई, पाकीट देशी असलं म्हणून आतला मैदा आणि पामतेल माहेरचं होत नाही. मागची बाजू वाचा. जो घटक सगळ्यांत जास्त, त्याचं नाव पहिलं. तिथे नुसतं ‘व्हीट फ्लोअर’ असेल तर तो बहुतेक मैदाच. फ्रोझन मटार-पालकाला मात्र उगाच नावं ठेवू नका. डब्यातले चणेही चालतील, फक्त धुवून घ्या म्हणजे मीठ कमी होतं.

मसूर तर आपल्या भागातलाच. भात निघाल्यावर शेतातल्या ओलीवर येणारा. अख्खा मसूर सकाळी भिजत घाला, संध्याकाळी कुकरला दोन-तीन शिट्ट्या. वर कांद्याची फोडणी नि चमचाभर कांदा-लसूण चटणी. जास्तीचा शिजवून, फोडणी न देता फ्रीझरमध्ये टाका. राजमा मात्र स्लो कुकरमध्ये कच्चा घालू नका. आधी भिजवून, ते पाणी टाकून, दहा मिनिटं खळखळून उकळा. नाहीतर त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन मंद आचेवर तसंच राहतं आणि घरभर उलट्या.

तिकडे भाकरी तुटते ही सगळ्यांचीच रड. हाताचा दोष कमी, जुन्या पिठाचा जास्त. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे चिकटपणा आणायला उकळतं पाणीच लागतं. उकळी आली की पीठ घाला, गॅस बंद, दहा मिनिटं झाकण. कोमट असतानाच तळहाताने रगडून मळा, एका वेळी एकाच भाकरीपुरतं. बडवायला जमत नसेल तर दोन प्लास्टिकमध्ये लाटा. सासूबाईंना सांगायची गरज नाही.

संध्याकाळच्या भुकेला रताळी. बेळगावच्या बाजारात ढिगाने येतात, तुमच्याकडे केशरी गराची मिळतील. रविवारी सालीसकट ओव्हनमध्ये 200 अंशांवर पाऊण तास भाजून ठेवा, दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये टिकतात. वर शेंगाची चटणी भुरभुरा. मुलं पहिल्यांदा नाक मुरडतील, मुरडू देत.

शुक्रवारचा पिझ्झा राहू द्या. आणि गावाहून कोणी येणार असेल तर नुसता कुंदा मागवू नका, जवसाची चटणीही सांगा.