आई डायलिसिसवर, आणि मुलगी मैत्रिणींसाठी रडते

“घरात एवढं आजारपण, आणि हिला मैत्रिणींच्या ग्रुपचं पडलंय. आमची मुलगी स्वार्थी झाली का हो?” दहावीतल्या मुलीच्या बाबांचा हा प्रश्न. समुपदेशनात तो वारंवार येतो. पुढची हकीकत गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आईची मूत्रपिंडं निकामी झालेली, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणं. यंत्रावर 4 तास, पण जाणं-येणं, सुया टोचणं, नंतर रक्त थांबेपर्यंत दाबून धरणं यात अख्खी दुपार जाते. घरी आली की ती आडवीच होते. म्हणून त्या दिवशी मुलगी शाळा सुटताच घरी. नेमकी तेव्हाच स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम. चौघींपैकी तिघींनी हिला वगळून नवा ग्रुप काढला आणि त्यातला एक स्क्रीनशॉट हिच्यापर्यंत पोचला: “हल्ली भाव खाते ती.”

मैत्रिणींना आजाराचं ठाऊकच नव्हतं. “बाहेर काही बोलू नकोस” असं आईनेच सांगितलं होतं. आईसमोर रडायचं नाही, हे मुलीने स्वतःच ठरवलं होतं. मग रडू मैत्रिणींच्या निमित्ताने बाहेर पडलं. यात स्वार्थ नाही. पंधराव्या वर्षी मैत्रिणी तुटणं हे खरंखुरं दुःख असतं, आणि आजारापासून थोडी सुटका मिळण्याची तिची जागाही तीच होती.

खरा गुंता घरात सापडला. प्यायलेलं पाणी दोन डायलिसिसच्या मध्ये अंगातच साठतं आणि वजन वाढतं, म्हणून डॉक्टरांनी आईला दिवसाला 1 लिटर पाण्याची मर्यादा दिली होती. त्यात चहा, पेजेचं पाणी, सोलकढी सगळं धरायचं. बाटलीचा हिशेब मुलीकडे. आई म्हणायची, “एकच घोट दे गो.” नाही म्हटलं की आईचे सुकलेले ओठ दिसायचे. दिलं आणि पुढच्या खेपेला वजन जास्त भरलं, की “माझ्यामुळेच” ही टोचणी. आईच्या तहानेवर लेकीला पहारेकरी नेमू नये. पहिला बदल हाच केला: पाण्याचा हिशेब बाबांकडे. शेजारी प्रेमाने शहाळी, केळी आणतात. त्यांत पोटॅशियम भरपूर असल्याने आईला ती चालत नाहीत. तो नकारही आता बाबाच देतात.

दुसरी भीती हाताची. झोपलेल्या आईच्या डाव्या हाताला चुकून बोटं लागली, तर कातडीखाली मधमाशी गुणगुणावी तशी थरथर. मुलीला वाटलं, शीर फुटणार. कितीतरी रात्री ती हे मनात घेऊन जागली. डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेला तो फिस्तुला. थरथर म्हणजे रक्त नीट वाहतंय. ती थांबली तर लगेच केंद्राला कळवायचं, त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, जड उचलायचं नाही. डायलिसिस केंद्रातल्या नर्सने हे पाच मिनिटांत समजावलं. आधी कुणाला सुचलंच नव्हतं.

मैत्रिणींसाठी तीन वाक्यं तयार केली, आईची परवानगी घेऊन: “माझ्या आईचं डायलिसिस चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार मला घरी जावंच लागतं. मी तुम्हाला टाळत नाही.” ही आधी एकीलाच सांगायची, जी त्यातल्या त्यात जवळची, मधल्या सुट्टीत, समोरासमोर. मुलीने घाईत रात्री साडेअकराला लांबलचक मेसेज टाकला. निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही, आणि रात्रभर झोप नाही. लिहिलेलं पुढे फिरतं, बोलताना चेहरा दिसतो. म्हणून दुसऱ्यांदा तोंडी. “आई बरी होणार ना?” याचंही उत्तर ठरवलं: “उपचार चालू आहेत. जास्त बोलावंसं वाटत नाही गो.”

वर्गशिक्षिकेला बाबा वेगळे भेटले, आणि वर्गात जाहीर न करण्याची विनंती केली. सगळ्यांदेखत दाखवलेली दया मुलांना फार लागते.

झोप किंवा जेवण दोन आठवडे बिघडलेलं राहिलं, तर थांबू नये. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत दाखवावं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. मरणाची भाषा तोंडी आली, तर त्याच दिवशी न्यावं, आणि मुलीला एकटं सोडू नये.

दोघी मैत्रिणी परतल्या. तालीम मंगळवारी-गुरुवारी घ्यायचं त्यांनीच सुचवलं. तिसरी अजून बोलत नाही, आणि ते मुलीला लागतं. त्यावर बाबांनी उपाय सुचवायचा नाही, फक्त ऐकायचं, असं ठरलं आहे: रविवारी संध्याकाळी, फोन बाजूला ठेवून, दहा मिनिटं.