वाचकांचे प्रश्न : मंगळावरच्या माणसाची जनुके

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शुभांशु शुक्ला यांच्या २०२५ सालच्या अंतराळ स्थानकातील मुक्कामात जलअस्वलांवर, म्हणजे तीव्र किरणोत्सर्गही सोसणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर, प्रयोग झाल्याचे मी वर्गात सांगितले, तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, त्या जलअस्वलाची जनुके माणसात घातली तर माणूस मंगळावर राहू शकेल का?" तिची अर्धवट उत्तरावर बोळवण करावी असे मला वाटले नाही. असे करता येईल का, आणि येत असेल तर करावे का?

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीने जो प्रयोग सुचवला आहे, त्याची पहिली पायरी खरोखरच पार पडलेली आहे. टोकियो विद्यापीठातील संशोधकांना जलअस्वलाच्या एका जातीत डीएनएला बिलगून राहणारे एक प्रथिन सापडले, ज्याला 'डीसप' असे नाव आहे. २०१६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या प्रथिनाचे जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत घातले, तेव्हा क्ष-किरणांमुळे होणारी डीएनएची मोडतोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. अर्ध्या मिलिमीटरच्या प्राण्याचे जनुक माणसाच्या पेशीत काम करू शकते, हे त्यातून दिसले. परंतु त्या पेशी काचेच्या बशीत वाढवलेल्या होत्या. पुढे दुसऱ्या संशोधकांनी हेच प्रथिन उंदराच्या जातीतील प्राण्याच्या चेतापेशींत घालून पाहिले, तेव्हा डीएनएची हानी कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली. एका प्रकारच्या पेशीला जे तारते तेच दुसऱ्या प्रकारच्या पेशीला मारक ठरत असेल, तर शरीरातील प्रत्येक पेशीत ते घालण्याची कल्पना किती जोखमीची आहे, हे मुलांना यावरून चांगले समजावून सांगता येईल.

शिवाय अंतराळातील किरणोत्सर्ग हा क्ष-किरणांसारखा नसतो. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून आलेली लोहासारख्या जड मूलद्रव्यांची केंद्रके त्यात असतात, आणि ती पेशीतून आरपार जाताना वाटेवरची हानी दाट करत जातात. क्युरिऑसिटी यानावरील उपकरणाने मंगळाकडे जाताना मोजलेली मात्रा दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाचे एकक) होती. सहा महिने जाण्याचे आणि सहा महिने येण्याचे धरले, तर केवळ प्रवासातच साडेसहाशे मिलिसीव्हर्टच्या आसपास मात्रा अंगावर येते. नासाने अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी ठरवलेली मर्यादा ६०० आहे, तर पृथ्वीवर आपल्याला नैसर्गिकरीत्या वर्षाला सरासरी अडीच मिलिसीव्हर्टच्या आतच मिळते. अंतराळवीरावर येणारी मात्रा कमी करण्याचे निश्चित मार्ग आज ठाऊक आहेत : प्रवासाचा काळ कमी करणे, यानात पाण्याचा किंवा हायड्रोजनयुक्त पदार्थाचा थर देणे आणि मंगळावर उतरल्यावर मातीखाली राहणे. जनुकांना हात लावण्याआधी हे तिन्ही करून पाहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न मात्र मातीच्या थराने सुटत नाही. वजनरहित अवस्थेत पुरेशी काळजी न घेतल्यास कमरेच्या हाडांची घनता दरमहा एक ते दीड टक्क्याने घटते, म्हणून स्थानकातील अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. इथे जनुकांचा विचार अधिक मोहात पाडणारा आहे, कारण निसर्गात तशी माणसे सापडतात. अमेरिकेतील काही कुटुंबांत 'एलआरपी५' या जनुकातील एका बदलामुळे हाडे विलक्षण घट्ट असतात, हे २००२ साली स्पष्ट झाले. मात्र याच जनुकातील बदल असलेल्या काही जणांच्या टाळूवर हाडाच्या गाठी आल्या, आणि कवटीचे हाड जाड होऊन चेतातंतूंवर दाब पडल्याचेही नोंदले गेले. स्नायूंची वाढ रोखणाऱ्या मायोस्टॅटिन या प्रथिनाचे जनुक निकामी केलेले उंदीर २०१९ च्या डिसेंबरात अंतराळ स्थानकावर पाठवले होते, आणि त्यांचे स्नायू तिथेही टिकून राहिले. त्याच मोहिमेतील दुसरी नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते : ज्या सामान्य उंदरांना केवळ मायोस्टॅटिनला अडवणारे औषध दिले होते, त्यांचेही स्नायू आणि हाडे टिकली. औषध थांबवता येते. जनुकातील बदल तसा सहज थांबवता येत नाही.

आता 'करावे का' याकडे येऊ. जे. बी. एस. हाल्डेन या थोर जीवशास्त्रज्ञांनी ब्रिटन सोडून भारताचे नागरिकत्व घेतले होते आणि त्यांचे निधनही १९६४ साली भुवनेश्वरला झाले. १९६२ साली लंडनमधील एका परिषदेत त्यांनी मांडले होते, की कमी गुरुत्वाकर्षणात माणसाचे पाय अडचणच ठरतील आणि पायांनीही फांदी पकडणारा गिबन हा वानर तिथे आपल्यापेक्षा अधिक योग्य ठरेल. अशी पकड असलेले पाय माणसाला मिळवून देता आले तर बरे, असे त्यांचे म्हणणे होते. हाल्डेन यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला त्यात एक मोठी उणीव दिसते. गिबनसारखे पाय घेऊन जो जन्माला येणार, त्याला विचारायचे कोणी आणि केव्हा? प्रौढ अंतराळवीर स्वतःच्या रक्तपेशींत किंवा स्नायूंत बदल करून घ्यायला तयार झाला, तर तो धोका समजून घेऊन हो किंवा नाही म्हणू शकतो. भ्रूणात केलेला बदल मात्र त्या मुलाच्या प्रत्येक पेशीत आणि पुढे त्याच्या मुलाबाळांत उतरतो. २०१८ साली चीनमध्ये 'हे चियानक्वे' नावाच्या शास्त्रज्ञांनी भ्रूणांत बदल करून जुळ्या मुलींचा जन्म घडवल्याचे जाहीर केले. त्या बदलामागे एचआयव्हीपासून संरक्षणाचे कारण दिले गेले होते, तरीही जगभर निषेध झाला आणि पुढच्या वर्षी त्यांना तीन वर्षांची कैद झाली.

मंगळासाठी घडवलेल्या मुलाची स्थिती याहून बिकट असेल. मंगळावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. तिथल्या वजनाला साजेशी हाडे आणि हृदय घेऊन वाढलेला मुलगा पृथ्वीवर आला, तर त्याला स्वतःचे शरीर अडीच पटींहून अधिक जड वाटेल. त्याला समुद्र पाहावासा वाटला, पावसात उभे राहावेसे वाटले, तर त्याच्या आईवडिलांनी त्याच्या जन्माआधीच तो रस्ता बंद केलेला असेल. आपल्या विद्यार्थिनीला विचारून पाहा, की तिच्या जन्माआधी तिच्याबाबतीत असा निर्णय कोणी घेतला असता, तर तिने तो मान्य केला असता का. वर्गात त्यावर खरी चर्चा होईल.

प्रश्न : अमेरिकेचा अंतराळवीर स्कॉट केली वर्षभर अंतराळात राहिल्यावर त्याचा ७ टक्के डीएनए बदलला, असे वाचले होते. मग अंतराळ स्वतःच माणसाची जनुके बदलत नाही का? — एक वाचक, पुणे

उत्तर : ही बातमी २०१८ साली फिरली आणि ती चुकीची होती. केली यांचा डीएनए बदललेला नव्हता. सुमारे ७ टक्के जनुके कमी-अधिक चालू राहण्याचे प्रमाण मात्र परतल्यानंतर सहा महिन्यांनीही पूर्ववत झालेले नव्हते. डीएनए ७ टक्के बदलला असता, तर तो माणूसच राहिला नसता, कारण माणूस आणि चिंपांझी यांच्यातील फरकही त्याहून लहान आहे.

प्रश्न : आमच्याकडे सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. जनुक बदलण्याला विरोध केला, तर या रुग्णांच्या उपचारालाही विरोध होत नाही का? — एक वाचक, गडचिरोली

उत्तर : अजिबात नाही, आणि हा गैरसमज दूर होणे फार आवश्यक आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिलेल्या क्रिस्पर (जनुकात नेमका बदल करण्याचे तंत्र) उपचारात रुग्णाच्याच रक्तनिर्मिती करणाऱ्या पेशी बाहेर काढून त्यांत बदल करतात आणि त्या परत देतात. तो बदल पुढच्या पिढीत जात नाही. भारतातही दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकविज्ञानाच्या संशोधन संस्थेत सिकल सेलसाठी अशा उपचारावर काम चालू आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी असे उपचार नियमांत बसवले आहेत आणि बीजपेशींतील, म्हणजे वंशात उतरणाऱ्या, जनुकोपचाराला मात्र मनाई केली आहे. आपल्या भागातील रुग्णांसाठी हा उपचार परवडणाऱ्या किमतीत लवकर यावा, यासाठी आवाज उठवणे आणि भ्रूणातील बदलांना नकार देणे, या दोन्ही गोष्टी आपण निःशंकपणे एकाच वेळी करू शकता.