उत्तर: यूएक्सचा कोर्स, नो-कॉस्ट ईएमआय आणि 'आज रात्री बारापर्यंत'

तुमच्या पोस्टमधलं ते वाक्य वाचलं, 'काउन्सेलर म्हणाली आज रात्री बारापर्यंत सही केली तरच चाळीस हजारांची सूट', आणि हातातला चहा तसाच राहिला. 2021 मध्ये मलाही अगदी हेच सांगितलं होतं. सूट तेवढी वीस हजारांची होती. माझ्यानंतर पाच महिन्यांनी एका मित्राने चौकशी केली, तर त्यालाही 'आज रात्री बारा'च.

म्हणजे तुम्ही सांगलीत प्रेसमध्ये नऊ वर्षं लग्नपत्रिका नि फ्लेक्स करताय, यूएक्सचा (अ‍ॅप, वेबसाइट वापरायला सोपी करण्याच्या डिझाइनचा) कोर्स चार महिन्यांचा ऑनलाइन, फी सूट वजा करून 1,40,000, ईएमआयवर. घेऊ का, हा प्रश्न. यूएक्स म्हणजे काय, फिग्मा (त्या डिझाइनचं सॉफ्टवेअर) कुठे शिकायचं, हे इथे शंभरदा चघळून झालंय, शोधा. मी सहीबद्दल बोलतो, कारण मी तिथेच आपटलो.

मी तेव्हा हिंजवडीत सॉफ्टवेअरचं मॅन्युअल टेस्टिंग करत होतो. फी 96,000, महिना 8,000 प्रमाणे बारा हप्ते. मला वाटलं, हप्ते संस्थेला जाणार. नाही पटलं तर थांबवू. तसं नसतं. कर्ज देणारी कंपनी वेगळी असते. ती संस्थेला रक्कम एकदम देऊन टाकते आणि मग तुम्ही त्या कंपनीचे देणेकरी. शिकवणं आवडलं, नाही आवडलं, मास्तर पळून गेला, हप्ता पाच तारखेला खात्यातून आपोआप जाणार. चुकला तर दंड आणि सिबिलवर डाग.

रिफंडची मुदत सात दिवसांची होती. मी खूश. पण सात दिवस कधीपासून? मी धरलं, पहिल्या वर्गापासून. कागदात होतं, नोंदणीच्या तारखेपासून. आणि पहिला वर्ग बाराव्या दिवशी होता! शिकवणं कसं आहे हे कळायच्या आत परतीची दारं बंद. ती एक ओळ वाचली असती तर माझे पाऊण लाख वाचले असते.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. बटणं, रंग, ऑटो-लेआउट. पाचव्या आठवड्यात 'युजर रिसर्च' (वापरणाऱ्यांचा अभ्यास) आला आणि सर म्हणाले, आपसातच एकमेकांच्या मुलाखती घ्या. चाळीस जण, सगळे विशी-तिशीतले, सगळ्यांकडे लॅपटॉप, सगळ्यांचा प्रोजेक्ट जेवण मागवायच्या अ‍ॅपचा. मी विचारलं, बाहेरचा माणूस कधी बसवायचा समोर? उत्तर आलं, 'वेळ मिळाल्यास.' तिथेच सोडायचं ठरवलं.

मग सुरू झाली वारी. संस्थेचं रिफंडचं ऑफिस म्हणे, पैसे कर्ज कंपनीकडे मागा. कंपनी म्हणे, संस्थेकडून रद्द केल्याचं पत्र आणा. संस्था म्हणे, फॉर्म भरा. फॉर्म कुठे? पोर्टलवर 'खाते' मग 'मदत' मग 'इतर' मग 'इतर'. पाठवलं की 'तुमची विनंती मिळाली', आणि तीन दिवसांनी तिकीट बंद, उत्तर न देता. असं चार वेळा. लोकांना सोपे फॉर्म कसे करावेत हे शिकवणाऱ्यांचा हा फॉर्म! मी त्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवलेत, वाईट उदाहरण म्हणून अजून दाखवतो. उरलेले नऊ हप्ते मुकाट्याने भरले. 72,000.

तेव्हा यासाठी फारसं काही नव्हतं, आता थोडं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरुद्ध (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध) मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार नावानिशी दिलेत, आणि खोटी घाई लावणं त्यातलाच एक. ग्राहक हेल्पलाइन 1915. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत 2022 पासून कर्जातून लवकर बाहेर पडायची कूलिंग ऑफ मुदतही आहे. पण मूळ रक्कम परत करावी लागते आणि ती तर संस्थेकडे गेलेली असते, हे विसरू नका. मी वकील नाही, हे अनुभवाचे बोल समजा. आणि काउन्सेलर फोनवर जे जे कबूल करेल ते मेलवर मागा. मेल करत नसेल तर ते कबूल केलेलंच नाही.

आता कोर्सबद्दल माझं मत, कोणाला झोंबलं तर झोंबो. एकच प्रश्न विचारा: चार महिन्यांत मी किती अनोळखी माणसांसमोर बसून त्यांना अ‍ॅप वापरताना बघणार? आकडा आला नाही तर सोडा. यूएक्समधले जाणकार जेकब निल्सन यांचं ते 'टेस्टिंगला पाच जण पुरेत' सगळे सांगतात, पण ते एकसारख्या वापरणाऱ्यांतले बहुतेक दोष सापडण्यापुरतं आहे. आपल्याच बॅचमधले पाच धरून 'टेस्टिंग केलं' म्हणणं म्हणजे घरच्यांनाच आमटी कशी झाली विचारणं.

मी शेवटी कुठे शिकलो? गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रात, मालकाच्या परवानगीने, चार शनिवार कोपऱ्यात बसून. उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म भरतो ऑपरेटर. अर्जदार काचेपलीकडे उभा, त्याला स्क्रीन दिसतच नाही. ओटीपी येतो तो घरी राहिलेल्या मुलाच्या मोबाइलवर. म्हातारी फोन लावते, मुलगा शेतात. तोवर सेशन संपलं, पुन्हा पहिल्यापासून. नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर वेगळं, रेशनकार्डावर वेगळं. फिग्मात हे कधीच दिसलं नसतं. तेवढ्या एका केस स्टडीवर मला पहिली नोकरी मिळाली. सर्टिफिकेट आजवर कोणी मागितलं नाही. (माझ्या बाबतीत. मोठ्या कंपन्यांत चाळणी लावताना बघतही असतील.)

पाया हवाच, तर एनपीटीईएलवर (आयआयटी वगैरेंच्या ऑनलाइन कोर्सेसची साइट) आयआयटी गुवाहाटीच्या प्राध्यापकांचा या विषयाचा कोर्स आहे, बघायला फुकट. जरा रुक्ष आहे, पण फिट्सचा नियम (बटण जितकं मोठं नि जवळ, तितकं गाठायला सोपं) वगैरे नीट समजतं.

आणि एक, विषय सोडून. तुमची नऊ वर्षं तुम्ही 'फक्त प्रेस' म्हणून उडवून लावलीत, ते बरोबर नाही. श्रीलिपीतला (प्रेसमधल्या जुन्या फॉन्टमधला) मजकूर युनिकोडमध्ये (मोबाइल-वेबवर चालणाऱ्या प्रमाण लिपीत) आणताना जोडाक्षरं कुठे फुटतात हे तुम्हाला हाताला माहीत आहे. मराठी अ‍ॅपांत रोज दिसतं बघा: ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलेलं, म्हणून वरची वेलांटी कापलेली नि खालचा उकार बटणाच्या काठात घुसलेला. हे ओळखणारी नजर चाळीसातल्या एकाकडेही नव्हती, माझ्याकडेही नव्हती. तुमच्या बँकेचं किंवा एसटीचं अ‍ॅप मराठीत उघडा, अशा वीस जागा शोधा, दुरुस्त करून शेजारी शेजारी मांडा. पोर्टफोलिओचं पहिलं पान तयार.

बारा वाजायची वाट बघू नका, झोपा. करारात 'रिफंड' आणि 'नोंदणीची तारीख' हे शब्द आहेत ती पानं नाव-नंबर झाकून इथे टाका. उद्या रात्री नऊनंतर बघतो.