अमेरिकेच्या वेगवेगळ्या भागांत हिवाळ्यातील बर्फात गाडी चालवणे कसे जमवावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून न्यूयॉर्क राज्यातील बफेलोला राहायला जायचे आहे, बर्फात गाडी कधीच चालवलेली नाही, अटलांटातले नातेवाईक सांगतात की दोन इंच बर्फ पडला तरी बाहेर पडू नका आणि मिनेसोटातल्या मिनीॲपोलिसचा मित्र म्हणतो की फूटभर बर्फ पडला तरी ऑफिस सुरू असते, मग ऐकायचे कोणाचे? दोघेही आपापल्या गावापुरते बरोबर आहेत आणि बफेलोसाठी दोघांचाही सल्ला अपुरा आहे. मी आधी अटलांटाजवळ, नंतर मिनेसोटात राहिले असून आता न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात राहते. बर्फ किती इंच पडणार हे सगळेच विचारतात, पण गाडी चालवणाऱ्याने त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: तापमान शून्याच्या किती जवळ आहे, आणि त्या गावाची यंत्रणा व माणसे बर्फाला किती सरावलेली आहेत.

नवख्या माणसाला वाटते की थंडी जितकी कडक तितका रस्ता निसरडा. प्रत्यक्षात उणे २० अंशांवरचा कोरडा, भुसभुशीत बर्फ टायरला बऱ्यापैकी पकड देतो, तर शून्याच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर राहतो आणि त्यावर पकड जवळजवळ उरतच नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साधारण १४ मीटरमध्ये थांबते; दाबल्या गेलेल्या बर्फावर तिला ४० मीटरच्या आसपास लागतात आणि नितळ गोठलेल्या थरावर १०० मीटरपर्यंत. हे घर्षणाचे साधे गणित आहे आणि गाडी कितीही महाग असली तरी ते बदलत नाही. दुपारी वितळलेले पाणी संध्याकाळी पुन्हा गोठते आणि डांबराच्या काळ्या रंगात मिसळून जाते; यालाच इथे ब्लॅक आइस म्हणतात. तो ओळखण्याची एक खूण लक्षात ठेवा. रस्ता ओला दिसत असूनही पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडेनासे झाले, तर ते पाणी नसून बर्फ आहे असे समजावे. पूल आणि उड्डाणपूल आधी गोठतात, कारण त्यांना खालून जमिनीची ऊब नसते.

आता तुमच्या अटलांटाच्या नातेवाइकांविषयी. २८ जानेवारी २०१४ रोजी त्या शहरात जेमतेम दोन-अडीच इंच बर्फ पडला आणि हजारो लोक हायवेवर गाडीतच रात्रभर अडकले; अनेक मुलांना शाळेतच रात्र काढावी लागली. उत्तरेकडच्या लोकांनी त्यावर भरपूर विनोद केले, पण कारण पाहिले तर हसू येणार नाही. दुपारी बर्फ सुरू होताच शाळा, कार्यालये आणि सरकारी खाती साधारण एकाच वेळी सुटली, सगळी वाहने एकदम रस्त्यावर आली, चाकांखाली दबलेला बर्फ वितळून पुन्हा गोठला, आणि मीठ टाकणारे ट्रक त्याच कोंडीत अडकल्याने पुढे सरकू शकले नाहीत. दहा वर्षांतून एकदा पडणाऱ्या बर्फासाठी कोणतेही शहर शेकडो ट्रक पोसणार नाही आणि तिथल्या नागरिकांनी हिवाळी टायर घ्यावेत अशी अपेक्षाही कोणी करू नये. त्यामुळे दक्षिणेत घरी बसणे हाच तिथल्या परिस्थितीला धरून असलेला शहाणपणा आहे. टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे ११ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे तर बर्फवृष्टी म्हणावी असे काही नव्हतेच. पावसाचे थेंब उंचावरच्या मार्गिकांवर पडताच गोठले, १३० हून अधिक वाहने एकमेकांवर आदळली आणि सहा जणांचा जीव गेला. असा गोठणारा पाऊस असेल त्या दिवशी मिनेसोटातला सराईत चालकही गाडी बाहेर काढत नाही.

मिनेसोटाचे चित्र याच्या उलट आहे. तिथे वादळ येण्याआधीच रस्त्यावर मिठाचे पाणी फवारतात आणि नंतर नारिंगी रंगाचे प्लाऊ, म्हणजे पुढे पाते लावून बर्फ बाजूला सारणारे ट्रक, रात्रंदिवस फिरतात. लोकांना त्यांचे इतके कौतुक आहे की राज्याच्या परिवहन खात्याने काही प्लाऊंची नावे जनतेच्या मतदानातून ठेवली आणि २०२१ मध्ये ‘प्लाऊई मॅकप्लाऊफेस’ हे नाव पहिले आले. मात्र मिठालाही मर्यादा आहे. साधे मीठ साधारण उणे ९ अंशांपर्यंत उपयोगी पडते; त्याखाली ते इतके मंद काम करते की वाळू किंवा कॅल्शियम क्लोराइडचा आधार घ्यावा लागतो. तिथली रोजची डोकेदुखी म्हणजे रस्त्यापेक्षा बॅटरी, कारण कडाक्याच्या थंडीत तिची ताकद निम्म्यावर येते. म्हणून बरेच लोक इंजिनला ब्लॉक हीटर लावतात; तो विजेवर इंजिन उबदार ठेवतो, त्यामुळे ते सुरू करायला बॅटरीवर कमी ताण येतो. दुसरी डोकेदुखी पार्किंगची. मिनीॲपोलिस शहराने ‘स्नो इमर्जन्सी’ जाहीर केली की तीन दिवसांचे वेळापत्रक लागू होते: आधी मुख्य रस्ते मोकळे ठेवायचे, मग इतर रस्त्यांची सम घरक्रमांकांची बाजू, त्यानंतर विषम क्रमांकांची. नियम मोडणारी गाडी ओढून नेतात आणि ती सोडवून आणण्याचा खर्च चांगलाच जाणवतो.

बफेलोकडे मात्र सविस्तर पाहायला हवे, कारण तुम्हाला तिथेच राहायचे आहे. तिथला बर्फ पुष्कळदा मोठ्या वादळातून न येता ईरी सरोवरातून येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात सरोवराचे पाणी अजून उबदार असते आणि त्यावरून थंड वारा वाहू लागला की तो वाफ उचलून काठावर बर्फ ओततो. हे सरोवर नैऋत्येकडून ईशान्येकडे लांबट पसरलेले आहे आणि बफेलो त्याच्या नेमक्या पूर्व टोकाला आहे, त्यामुळे वारा सरोवराच्या लांबीने वाहिला की बर्फाचा एक अरुंद पट्टा तयार होतो. या पट्ट्याची सीमा इतकी स्पष्ट असते की एका उपनगरात ऊन पडलेले असताना पंधरा-वीस किलोमीटरवर समोरची गाडी दिसत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिणेकडील ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग या भागांत ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला, तर उत्तरेकडच्या काही वस्त्यांत त्याचा लहानसा अंशच पडला. म्हणून बफेलोत ‘शहराचा’ अंदाज पाहून निघू नका. घरापासून ऑफिसपर्यंतच्या रस्त्यावर तो पट्टा कुठे आहे हे रडारवर पाहा. घर घेताना किंवा भाड्याने बघतानाही हा विचार करावा असे माझे मत आहे, कारण दक्षिणेकडील उपनगरांना या पट्ट्याचा तडाखा सहसा जास्त बसतो. सरोवर उथळ असल्याने भर हिवाळ्यात ते गोठले की वाफेचा पुरवठा तुटतो आणि जोर कमी होतो. अर्थात हल्ली ते दरवर्षी पुरते गोठतेच असे नाही.

त्याच वर्षीचे नाताळचे हिमवादळ मी सगळ्या नव्या माणसांना मुद्दाम सांगते. २३ डिसेंबरला वाऱ्याचे झोत ताशी ११० किलोमीटरच्या पुढे गेले, समोरचे काहीही दिसेनासे झाले आणि बचाव करणारी वाहनेही रस्त्यात अडकली. बफेलो ज्यात येते त्या ईरी काउंटीत (जिल्ह्यात) चाळीसहून अधिक माणसे दगावली; त्यांतली काही आपल्या गाडीत सापडली. वाहनबंदी त्या दिवशी सकाळी जाहीर झाली तेव्हा बरेच लोक कामावर निघून गेलेले होते, आणि यावर नंतर बरीच टीकाही झाली. यातून घ्यायचे ते एवढेच की बंदीची वाट पाहू नका. ‘ॲडव्हायझरी’ म्हणजे टाळता आले तर निघू नका आणि ‘बॅन’ म्हणजे निघालात तर दंड, असा फरक असला, तरी पट्टा तुमच्या दिशेने सरकत असेल तर ॲडव्हायझरीलाच बंदी मानावे. साहेबाला फोन करून ‘आज येणार नाही’ असे सांगण्याची आपल्याकडे सवय नसते. इथे त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

पश्चिमेकडे डोंगर असल्याने नियम आणखी वेगळे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोकडची मराठी मंडळी लेक टाहोला जाताना डॉनर खिंडीत, चाकांना साखळ्या लावा असे सांगणाऱ्या पाटीपाशी हमखास गोंधळतात. त्या पाटीवर आर-२ असेल तर चारही चाकांना जोर देणारी आणि चारही हिवाळी टायर असलेली वाहने सोडून सगळ्यांना साखळ्या लावाव्याच लागतात. भाड्याच्या गाडीला त्या लावायला कंपनीची परवानगी आहे का, हे आधीच विचारून ठेवावे.

प्रत्यक्ष चालवण्याचे तंत्र त्या मानाने साधे आहे. पावसाळ्यात भरलेल्या गाडीने घाट उतरताना आपण ब्रेकवर विसंबत नाही, खालचा गिअर टाकून गाडी धरून ठेवतो. इथे तीच वृत्ती सपाट रस्त्यावरही हवी. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर अलगद द्यायचा आणि वेग आपोआप कायम राखणारा क्रूझ कंट्रोल बंद ठेवायचा. अचानक थांबावेच लागले तर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबून धरा. पायाखाली घरघर आणि हादरे जाणवतील, त्याला घाबरून पाय उचलू नका. गाडी घसरू लागली तर जिथे जायचे आहे तिकडे नजर ठेवून स्टिअरिंग तिकडेच फिरवा. या दोन्ही गोष्टी पहिल्या बर्फानंतर एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये, परवानगी असेल तर, करून पाहाव्यात, कारण त्या वाचून अंगवळणी पडत नाहीत. फोर व्हील ड्राइव्ह गाडीला जागेवरून हलवतो, पण थांबवताना काहीच मदत करत नाही; खड्ड्यात गेलेल्या गाड्यांत या प्रकारच्या गाड्या भरपूर दिसतात, त्याचे कारण हेच असावे. प्लाऊच्या मागे दहा गाड्यांएवढे अंतर ठेवा आणि त्याच्या मागे उडणाऱ्या बर्फाच्या धुरळ्यातून ओव्हरटेक करू नका, कारण त्याचे एक पाते अनेकदा शेजारच्या मार्गिकेत आलेले असते. निघण्यापूर्वी काचा, दिवे आणि टपावरचा बर्फही काढा; टपावरची लादी ब्रेक लावताच तुमच्याच पुढच्या काचेवर येते.

अडकलातच तर गाडी सोडून चालत निघू नका. गाडीच्या मागच्या बाजूचा सायलेन्सर बर्फाने बुजला असेल तर तो आधी मोकळा करा, इंजिन तासाला साधारण दहा मिनिटेच चालवा आणि तेवढा वेळ वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच किंचित खाली ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिकीत फावडे, ब्लँकेट, टॉर्च, फोन चार्ज करण्याची सोय, पाणी आणि खाण्याचे काही असावे. पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. जानेवारी २०२२ मध्ये व्हर्जिनियात आय-९५ हायवेवर शेकडो वाहने चोवीस तासांच्या आसपास अडकली होती, त्यात सेनेटर टिम केनही होते. त्या वेळी आधी पाऊस पडल्याने मिठाचे पाणी वाहून जाईल म्हणून ते फवारलेलेच नव्हते.

शेवटचा मुद्दा टायरचा, आणि पैसे खर्च करायचे तर इथेच करा. सात अंशांखाली साध्या टायरचे रबर ताठर होऊ लागते, म्हणून हिवाळी टायर घ्या आणि चारही चाकांना लावा. पुढच्या दोनच चाकांना लावले तर गाडी मागून फिरू शकते. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह आहे का ते पाहा; नुसती ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) अक्षरे पुरेशी नाहीत. कॅनडात क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. न्यूयॉर्क राज्यात खासगी गाड्यांना तशी सक्ती नाही, त्यामुळे जुनी गाडी विकत घेताना विक्रेत्याने ‘ऑल सीझन आहेत, चालतील’ असे म्हटले तरी त्यावर विसंबू नका. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच हिवाळी टायर बसवून घ्या, कारण पहिला बर्फ पडला की टायरच्या दुकानात वेळ मिळायला आठवडा-दोन आठवडे सहज लागतात आणि तुमच्या मापाचे टायर तोवर संपलेले असतात.