खोगीर, जीन आणि ‘काठी’

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलांचे वापरून झालेले खेळण्यातले घोडे त्या विकत घेतात, नव्याने रंगवतात, लोकरीची आयाळ लावतात आणि बाहुल्यांना बसता यावं म्हणून त्यांचा साज शिवून विकतात. पाठीवरच्या बैठकीला त्यांचा दुकानदार ‘काठी’ म्हणतो, घरात कोणी खोगीर म्हणतं, कोणी जीन. चिठ्ठीवर काय लिहावं? आणि बाकीच्या पट्ट्यांना मराठीत नावं आहेत का?

‘काठी’ लिहू नका. हिंदीत तो शब्द चांगला रुळलेला आहे, म्हणून इंदुरात कानाला खटकत नाही. पण ‘घोडा, काठीसह’ असं वाचून पुण्याचं गिऱ्हाईक घोड्याबरोबर छडीही मागेल.

खोगीर आणि जीन हे दोन्ही शब्द फारसीतून आले आणि मुळात ते एका वस्तूचे नव्हेत. फारसीत ‘खूय’ म्हणजे घाम; खोगीर म्हणजे घाम टिपणारं. घोड्याच्या पाठीला लागून असते ती भरलेली गादी. जीन त्याच्या वरचं, चामड्याचं. ते बनवणारे ते जीनगर. पुढे बोलण्यात खोगीराने जीनही गिळलं आणि आज सगळ्या बैठकीलाच आपण खोगीर म्हणतो. ते चूक नाही. मात्र गादीचा अर्थ ‘खोगीरभरती’त शिल्लक आहे: आत काय कोंबलंय ते कोण बघतो! तुम्ही दोन थर वेगळे शिवत असाल, तर हा जुना फरक सरळ वापरा. शीतलामाता बाजारातल्या चिंध्या भरलेली गादी ते खोगीर, वरची रेक्झिनची बैठक ते जीन. या दोन्हींच्या आधीचा आपला शब्द पालाण, संस्कृत ‘पर्याण’वरून आलेला, गोड आहे, पण चिठ्ठीवर कोणाला कळणार नाही.

आता पट्ट्या. पोटाखालून आवळतो तो तंग. पाय ठेवायची कडी ती रिकीब, अनेकवचन रिकिबी. इंदुरात ‘रकाब’ ऐकू येतं, तोही तोच शब्द, मूळ अरबी, फारसीतून आलेला. तरी अठराव्या शतकात होळकरांच्या घोडदळाबरोबर माळव्यात आलेल्या मराठीने रिकीब सोडायचं काही कारण नाही. तोंडात लोखंडी कडी असेल तर लगाम. नुसता डोक्यावरचा दोर किंवा पट्टा असेल तर म्होरकी. बैलाची म्होरकी सगळ्यांना माहीत असते, घोड्यालाही तोच शब्द चालतो. शेपटीखालून जाणारी दुमची (‘दुम’ म्हणजे शेपूट) मात्र तपासून लिहा: पुष्कळ प्लास्टिकच्या घोड्यांची शेपटी अंगालाच चिकटवून ओतलेली असते, तिथे दुमची घालायला फटच नसते. काऊबॉय जिनाच्या पुढच्या खुंटीला ‘हॉर्न’च म्हणा.

‘लहान खोगीर’, ‘मोठं खोगीर’ असंही लिहू नका, प्रमाण लिहा. बार्बीसारखी सुमारे २९ सेंटिमीटरची बाहुली साधारण १:६ प्रमाणाची (खऱ्या मापाच्या सहाव्या भागाएवढी) असते, तर ब्रेयर कंपनीच्या ‘ट्रॅडिशनल’ मालिकेतले घोडे १:९ चे. अशा घोड्याच्या मापाने शिवलेल्या जिनावर बार्बी बसवली, तर तिचे पाय रिकिबींच्या खाली लोंबतात.